पऱ्हाटीची होळी आणि जमिनीचा कस

कापसाची शेवटची वेचणी आटोपली कीं आमच्या जिल्ह्यांत एक देखावा दरसाल दिसूं लागतो. माघ-फाल्गुनांतील संध्याकाळीं यवतमाळहून दारव्ह्याकडे जा, घाटंजीकडे जा, किंवा पांढरकवड्यावरून वणीच्या वाटेनें जा. दोहों बाजूंच्या शिवारांत धुऱ्याधुऱ्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग पेटलेले दिसतात. शेतकरी काठीनें निखारे सारीत उभा असतो, आणि शेत एकदांचें साफ झालें याचें समाधान त्याच्या मुद्रेवर असतें. शिमग्याची होळी एका रात्रीची. ही होळी महिना-दोन महिने चालते. तींत काय जळतें याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. कोरडवाहू जमिनीचा कस उतरण्याचीं कारणें पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकीं एक कारण असें आहे कीं, त्याबद्दल पावसास, बाजारभावास किंवा सरकारास बोल लावतां येत नाहीं; तें सर्वस्वीं आमच्याच हातांतलें आहे. शेतांत उगवलेली पऱ्हाटी, धसकटें व पालापाचोळा यांची राख करणें, हें तें कारण होय. ही चाल मोडल्यावांचून जमीन सुधारण्याचे बाकीचे सर्व उपाय म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें आहे.

"राख हें सुद्धां खतच आहे," असें उत्तर आम्हांस वारंवार ऐकावें लागतें. हें उत्तर अर्धें खरें आहे, व म्हणूनच अधिक फसवें आहे. झाड जळतें तेव्हां त्यांतील पालाश आणि चुना बहुतांशीं राखेंत उरतो. परंतु नत्र जवळजवळ सगळाच धुराबरोबर निघून जातो, गंधकाचाही मोठा भाग जातो, आणि ज्यापासून मातींत काळें सत्त्व तयार व्हावयाचें तो कर्ब हवेंत मिळून जातो. आतां आमच्या काळ्या जमिनीकडे पाहा. ती दख्खनच्या काळ्या खडकाच्या झिजेपासून झालेली आहे. पालाश आणि चुना यांची तिच्यांत बहुधा वाण नसते. नांगराच्या फाळाबरोबर चुनखडीचे खडे वर येतात त्या शेताच्या मालकास हें सांगावयास नको. तिला तूट आहे ती नत्राची आणि सेंद्रिय कर्बाची. तेव्हां पऱ्हाटी पेटवून आपण करतों काय? जें जमिनीपाशीं भरपूर आहे तेवढें तिला परत देतों, आणि ज्याचा तिला दुष्काळ आहे तें आकाशांत सोडून देतों. त्यांतही राख पडते ती शेतभर नव्हे, तर धुऱ्यावरील चार-दोन जागीं. चैत्रांतला वारा तीही ठेवीत नाहीं. उलट धुऱ्यावरचा कडुनिंब, बोर, बाभूळ होरपळून निघते, ती वेगळीच हानि.

सेंद्रिय कर्ब हा शब्द १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या योजनेमुळें आतां खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. पत्रिका पुष्कळांच्या घरीं आहे. ती वाचून त्याप्रमाणें वागणारे थोडे आहेत. ज्यांच्या पत्रिकेवर कर्बाचा आंकडा ०.५ टक्क्यांच्या खालीं आहे, त्यांची जमीन या बाबतींत दरिद्री समजावी, ०.५ ते ०.७५ पर्यंत मध्यम व त्यापुढें चांगली. कर्बाचें मातींतील काम दुहेरी आहे. मातीचे कण एकमेकांस धरून त्यांत हवा खेळती ठेवणें व पाणी साठविणें हें एक. आणि मातींतील असंख्य सूक्ष्म जीवांस अन्न पुरवून त्यांच्याकडून पिकाचें अन्न शिजवून घेणें हें दुसरें. श्रावणांत पाऊस पंधरा-वीस दिवस ओढ देतो तेव्हां एका धुऱ्याच्या अलीकडची कपाशी माना टाकते व पलीकडची तग धरून राहते, असा अनुभव कोणास नाहीं? बियाणें तेंच, पाऊस तोच. पुष्कळदां भेद असतो तो मातींत मुरलेल्या या सत्त्वाचा. बरड व हलक्या जमिनींत तर तो डोळ्यांनीं दिसतो.

मग हा कर्ब वाढवावयास किती लागतें? हिशेब करून पाहूं. एका एकरांतील वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचें वजन ढोबळ मानानें नऊ लाख किलो धरतात. कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ वर न्यावयाचा, म्हणजे त्या एका एकरांत नऊशें किलो शुद्ध कर्ब टिकून राहिला पाहिजे. आपण जें खत किंवा काडीकचरा घालतों, त्यांतील बहुतेक भाग सूक्ष्म जीव खाऊन टाकतात व थोडाच मागें उरतो. तेव्हां हें काम एका हंगामाचें नव्हे. तें पांच-दहा वर्षांच्या चिकाटीचें आहे. एका बाटलीनें किंवा एका पिशवीनें जमीन सुधारून देतों असें जो कोणी सांगेल, त्याला हा नऊशें किलोंचा हिशेब आमच्या वाचकांनीं अवश्य विचारावा.

पूर्वीं हा प्रश्न इतका तीव्र नव्हता, याचें कारण आमचे वाडवडील अधिक शहाणे होते एवढेंच नव्हे. त्यांच्या शेतीची घडीच तशी होती. ज्वारी होती म्हणून कडबा होता. कडबा होता म्हणून दावणीला गुरें होतीं. गुरें होतीं म्हणून उकिरडा भरत होता. आणि अक्षयतृतीयेच्या सुमारास त्या उकिरड्यांतील खत बंड्यांनीं शेतांत पडत होतें. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारी हटली, तिच्या जागीं सोयाबीन आलें. सोयाबीनच्या कुटारानें कडब्याची जागा भरून निघत नाहीं. बैलांची कामें ट्रॅक्टरनें घेतलीं. ज्या वाड्यांत एके काळीं पोळ्याला चार-चार जोड्या सजत, त्यांपैकीं कित्येकांत आज मातीच्या बैलांची पूजा होते. याबद्दल केवळ हळहळून उपयोग नाहीं, व प्रत्येकानें पुन्हां चार जोड्या बांधाव्या असा उपदेशही आम्ही करणार नाहीं. तो कोणास परवडणार नाहीं. प्रश्न असा आहे कीं, शेण थोडें असतां खत पुष्कळ कसें करावें?

या प्रश्नाचें उत्तर परदेशांतून आणावयास नको; तें आमच्याच जिल्ह्यांत, पुसद येथें, शोधलें गेलें आहे. ना. दे. पांढरीपांडे या गांधीमार्गी गृहस्थांनीं अनेक वर्षें खटपट करून खताची जी पद्धति बसविली, ती त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून नाडेप या नांवानें देशभर माहीत झाली. त्याच्या कितीतरी आधीं, १९२४ ते १९३१ या काळांत, सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें कापसाच्याच संशोधनासाठीं निघालेल्या संस्थेंत काडीकचऱ्यापासून खत करण्याची इंदूर पद्धति सिद्ध केली. त्यांचा १९३१ सालचा ग्रंथ यशवंत वाड यांच्या सहकार्यानें लिहिलेला आहे. हॉवर्डसाहेबांपुढें आमच्यासारखीच अडचण होती: कपाशीच्या व तुरीच्या काड्या लांकडासारख्या कठीण, त्या कुजाव्या कशा? त्यांनीं त्या काड्या शेतांतल्या गाडीवाटेवर पसरल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांच्या चाकांखालीं भरडून घेतल्या. एक पैशाचें यंत्र न घेतां काम झालें. हा दाखला आम्ही अशासाठीं देतों कीं, "पऱ्हाटी कुजत नाहीं" ही सबब सुमारें शंभर वर्षांपूर्वीं निकालांत निघालेली आहे.

नाडेपचें टांकें पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. सरकारी अनुदानांतून बांधलेलीं आणि आज सरपण किंवा भंगार ठेवण्याच्या उपयोगीं पडणारीं टांकींही कित्येक गांवांत आहेत. म्हणून त्याची रीत येथें पुन्हां सांगतों. विटांचें टांकें आंतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असावें; भिंत नऊ इंचांची असून तींत हवेसाठीं भोंकें ठेवावीं. जमीन व भिंती शेणाच्या पाण्यानें शिंपून घ्याव्या. पहिला थर सहा इंच काडीकचऱ्याचा, म्हणजे सुमारें शंभर किलो. त्यावर चार किलो शेण सव्वाशें-दीडशें लिटर पाण्यांत कालवून शिंपडावें. त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली माती पसरावी. गोठ्यांतील गोमूत्र मुरलेली माती मिळाल्यास उत्तम. याच क्रमानें अकरा-बारा थर देऊन टांकें कांठाच्या वर दीड फुटापर्यंत झोपडीसारखें भरावें आणि तीन इंच मातीनें झांकून शेणानें लिंपावें. पंधरा-वीस दिवसांत तें आठ-नऊ इंच खालीं बसतें. तेव्हां पुन्हां त्याच रीतीनें भरून लिंपावें. तडे पडतील ते बुजवावे व ओल राखावी. तीन-चार महिन्यांत खत तयार होतें. सगळें मिळून कचरा चौदाशें ते पंधराशें किलो, माती साडेसतराशें किलो, पाणी दीड-दोन हजार लिटर, आणि शेण अवघें नव्वद ते शंभर किलो. एकदां भरलेल्या टांक्यांतून सुमारें तीन टन खत निघतें.

या आंकड्यांत पांच एकरांच्या शेतकऱ्यासाठीं एक सोयीचा मेळ आहे. एकरीं साधारण एक टन पऱ्हाटी निघते असें धरल्यास पांच एकरांची पऱ्हाटी वर्षांतून तीनदां टांकें भरण्यास पुरते. तीन भरण्यांचें खत नऊ टन होतें. आणि कोरडवाहू कपाशीस एकरीं दोन टन खत द्यावें या सर्वसामान्य शिफारशीस तें जवळजवळ पुरें पडतें. अर्थात् नुसती पऱ्हाटी टाकून चालणार नाहीं. तिचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून त्यांत सोयाबीनचें कुटार, तुरीचा पाला, फुलण्यापूर्वीं उपटलेलें गाजरगवत, तरोटा, असें कोवळें व हिरवें मिसळलें पाहिजे. पाण्याचीही अडचण आहे हें आम्ही जाणतों. उन्हाळ्यांत ज्याच्या विहिरीस पाणी नाहीं त्यानें कुट्टी करून ठेवावी आणि पहिल्या पावसानंतर टांकें भरावें.

आतां खरोखर विचार करण्यासारखा आक्षेप घेऊं. तो गुलाबी बोंडअळीचा आहे. २०१७ सालीं या अळीनें आमच्या जिल्ह्यांतील कपाशीचें काय केलें, आणि त्याच वर्षीं फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर कसे दगावले, हें येथें कोणास विसरतां येणार नाहीं. अळी पऱ्हाटीवर उरलेल्या कवड्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. म्हणून पऱ्हाटी शेतांत उभी ठेवूं नये, धुऱ्यावर रचूं नये, तिचा नायनाट करावा, असा सल्ला तज्ज्ञ देतात. तो योग्यच आहे. परंतु नायनाट करा याचा अर्थ पेटवून द्या असा जो आम्हीं लावला, तो आमच्या सोयीचा अर्थ आहे. आणि ज्या अळीच्या नांवानें ही होळी पेटते, तिचा तरी नाश तीनें होतो काय? पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवावयाची, मग उपटून धुऱ्यावर महिनाभर वाळत घालावयाची, आणि नंतर पेटवावयाची. तोंवर अळीला पाहिजे तेवढी सवड मिळून गेलेली असते. अळीचा खरा बंदोबस्त पेटवण्यांत नाहीं, वेळेवर शेत मोकळें करण्यांत आहे. फरदडीचा लोभ सोडून डिसेंबरअखेर पीक संपवावें. उरलेलीं बोंडें मेंढ्या-शेळ्यांस चारावीं. आणि लागलीच पऱ्हाटी यंत्रानें बारीक कुटून घ्यावी, म्हणजे बोंडांसह अळीही भरडली जाते. नीट रचलेल्या खताच्या ढिगांत जी ऊब निर्माण होते, ती उरल्यासुरल्या अळीस सोसत नाहीं. तेव्हां बोंडअळी हा पऱ्हाटी जाळण्याचा आधार नसून ती वेळेवर कुटण्याचा आधार आहे.

कुटलेली पऱ्हाटी तशीच शेतांत पसरून वखरानें मिसळणारे कांहीं शेतकरी आहेत. तेंही जाळण्याहून शतपट चांगलें. मात्र एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कच्चें लांकूड कुजतांना मातींतला नत्र कांहीं काळ अडकवून ठेवतें. म्हणून हें काम पेरणीच्या तोंडावर न करतां निदान तीन-चार महिने आधीं करावें, आणि त्यावर शेणकाला शिंपडावा.

दुसरा आक्षेप मजुरीचा आहे. उपटून पेटवण्यास जो खर्च येतो त्याहून कुटण्यास अधिक येतो, हें खरें. पण कुट्टीचें यंत्र प्रत्येकानें घ्यावें असें कोठें आहे? वर्षांतून आठ-दहा दिवस लागणारें यंत्र एका गांवांत दहा-पंधरा शेतकऱ्यांनीं मिळून घेतल्यास किंवा भाड्यानें आणल्यास भार हलका होतो. जेथें तेंही नसेल तेथें हॉवर्डसाहेबांची गाडीवाट आहेच.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, मर्यादा आहे. मजुरांच्या बायका पऱ्हाटीच्या मोळ्या बांधून चुलीसाठीं नेतात. पुष्कळ गरीब घरांत आजही त्यावर भाकर भाजली जाते. त्या मोळ्यांवर आमचा डोळा नाहीं. गरिबाच्या चुलींत जळणारी पऱ्हाटी कोणाचें तरी पोट भरते. धुऱ्यावर जळणारी कोणाच्याच कामीं येत नाहीं. आम्ही बोलतों तें या दुसरीविषयीं.

आणखी एक मर्यादा आम्हांस स्पष्ट सांगितली पाहिजे. टांक्यांतील तीन टन खतांत मातीचाच भाग मोठा असतो; त्याच्या जोरावर यंदाच रासायनिक खत पार बंद करून टाकूं असें कोणीं मनांत आणूं नये. पऱ्हाटी कुजविल्यानें पहिल्या वर्षीं कापसाच्या गांठी दुप्पट होणार नाहींत. जमिनीस द्यावयाचें तें देत राहावें, पत्रिका दर दोन-तीन वर्षांनीं करून घ्यावी, आणि कर्ब जसजसा वर येईल तसतसा खताचा खर्च कमी करीत जावें. यवतमाळजवळचे शेतकरी सुभाष शर्मा यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली, ती रासायनिक शेतींत उत्पन्न उतरत गेल्यावर तो मार्ग सोडून अनेक वर्षें मातीची सेवा केल्याबद्दल. त्यांच्या मार्गानें पूर्णपणें जाणें प्रत्येकास जमेल असें नाहीं. परंतु शेतांतलें तें शेताला परत, हें त्यांच्या शेतीचें पहिलें पाऊल कोणासही टाकतां येण्यासारखें आहे. त्याबरोबर उताराला आडवी पेरणी व धुऱ्याची डागडुजी हवीच. नाहींतर वर्षभर जमविलेलें खत पहिल्याच वळवानें वाहून नाल्यांत, आणि तेथून वर्धेच्या नाहीं तर पैनगंगेच्या पात्रांत जावयाचें. २०१७ पासून धरणांतला गाळ उपसून शेतांत टाकण्याची योजना सरकारनें चालविली. तो गाळ कोणाच्या शेतांतून तेथें गेला होता, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

शेवटीं एका नाजूक विषयाकडे वळतों. आमचे वाचक बहुतेक जमीनधारक आहेत, व त्यांपैकीं बरेच आपली जमीन मक्त्यानें किंवा बटईनें देतात. मक्ता एका वर्षाचा, आणि तोही तोंडी. जास्त मुदतीनें दिल्यास कूळ लागेल ही भीति १९५८ च्या विदर्भ कुळकायद्यापासून घरोघर बसलेली आहे. ती आम्ही समजूं शकतों. पण ज्याला पुढच्या वर्षीं हेंच शेत मिळेल कीं नाहीं ठाऊक नाहीं, तो तुमच्या जमिनींत खत कां घालील? तो एका वर्षांत जेवढें निघेल तेवढें काढून घेईल, जातांना पऱ्हाटी पेटवून देईल. आणि यांत त्याचा दोष नाहीं. अशा शेताचा कस उतरतो तो मालकाच्याच ठेव्यांतून. म्हणून मालकानें दोन गोष्टी कराव्या. शेतांत टांकें स्वतःच्या खर्चानें बांधावें, व मक्ता ठरवितांनाच पऱ्हाटी जाळावयाची नाहीं अशी अट घालून कुट्टीच्या खर्चाएवढी रक्कम मक्त्यांतून सोडावी. दोन हजार रुपये कमी घेऊन जो मालक आपली जमीन राखतो, तो तोट्यांत नाहीं.

आमच्या सभासदांस आमची विनंती एवढीच आहे कीं, यंदाच्या हंगामांत प्रत्येकानें निदान एका एकराची पऱ्हाटी न जाळतां कुजवून पाहावी, आणि त्या एकराची व शेजारच्या एकराची पत्रिका तीन वर्षांनीं ताडून पाहावी. आमचें म्हणणें चुकीचें ठरलें तर एका एकराची राख तेवढी कमी पडेल. बरोबर ठरलें, तर मुलाच्या हातीं सातबारा देतांना त्याच्याबरोबर जमीनही देतां येईल.